पिवळं दिसतंय का?

आमच्या घरात सध्या एका वायरीची बडदास्त चालू आहे. वायर हातभर लांब, पण तिची तब्येत विचारल्याशिवाय कुणाला झोपायची परवानगी नाही. रात्री जेवणं आटोपली की चिरंजीव आपल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर उकिडवे बसतात, त्याच्या काचेच्या पोटात टॉर्च मारतात आणि हाक देतात, "बाबा, जरा या. पिवळं दिसतंय का?"

मी चष्मा कपाळावर चढवून बघतो, नाकावर उतरवून बघतो, शेवटी काढूनच बघतो.

"नाही दिसत."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे."

त्या वायरीच्या टोकाला पिवळं प्लॅस्टिक आहे. टोक खाचेत पूर्ण गेलं तर पिवळं झाकलं जातं, जरासं बाहेर राहिलं तर पिवळी रेघ दिसते. म्हणजे सगळं ठीक असेल तर तपासणाऱ्याला काहीही दिसता कामा नये. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय. या वयात, या डोळ्यांनी, इतकी सोपी नोकरी मला दुसरीकडे मिळाली नसती.

वायर जिथे घुसते त्या वस्तूला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. फूटभर लांब, वजनाला दोन किलोंच्या पुढे. बसवल्यावर स्वतःच्या वजनानं वाकू नये म्हणून त्याच्याखाली एक टेकू लावावा लागतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९०. जानेवारी २०२५ मध्ये ते आलं तेव्हा अमेरिकेत किंमत १,९९९ डॉलर होती. डोंबिवलीपर्यंत पोचता पोचता ते दोन लाखांच्या बरंच पुढे गेलं. चिरंजीव ॲनिमेशनच्या धंद्यात आहेत. "कामासाठीच घेतलंय," असं त्यांनी आईला शपथेवर सांगितलं. पहिल्या रात्री मी डोकावलो तर पडद्यावर एक धिप्पाड माणूस राक्षसाचं मुंडकं छाटत होता.

"हे क्लायंटचं काम का?"

"टेस्टिंग आहे, बाबा."

कार्ड आणायला लॅमिंग्टन रोडला मीही गेलो होतो. सोबत म्हणून नाही, अंगरक्षक म्हणून. लोकलमध्ये धक्के बसतील म्हणून परतीला टॅक्सी केली. खोका मागच्या सीटवर ठेवून चिरंजीवांनी त्याला सीटबेल्ट लावला. माझ्या बाजूचा बेल्ट अडकत नव्हता, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. खड्डा आला की ते खोक्यावर हात ठेवायचे. शेवटी टॅक्सीवाल्यानं विचारलं, "अंदर काच है क्या, साब?"

"नहीं, कार्ड है."

"अच्छा! शादी किसकी है?"

तर हे सगळं ठीक होतं. पण चिरंजीवांना घोर लागला होता तो कार्डाचा नव्हे, त्याच्या कनेक्टरचा, आणि तो कार्ड घेण्याच्या आधीपासूनचा. या घोराची कुंडली २०२२ ची आहे. त्याआधी मोठ्या कार्डांना आठ-आठ पिनांचे दोन-तीन ठोकळे लागायचे. एका ठोकळ्यावर अधिकृत भार १५० वॅट, प्रत्यक्षात तो त्याच्या जवळपास दुप्पट सोसायचा. दिसायला ओबडधोबड, पण कुणाच्या झोपेवर उठलेला नव्हता. मग ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं, ४५० वॅट खाणारं. इतक्या वायरींचा पसारा नको म्हणून सोळा पिनांचं एकच सुबक कनेक्टर पुढे आलं. बारा पिना विजेच्या, चार चिमुकल्या पिना निरोप द्यायच्या. आकार जुन्या एका ठोकळ्याच्या आसपास, जबाबदारी ६०० वॅटची. नाव ठेवलं १२व्हीएचपीडब्ल्यूआर. हे नाव एका दमात म्हणू शकेल असा माणूस आमच्या सोसायटीत नाही.

कार्ड बाजारात येऊन पंधरवडा झाला नव्हता तेवढ्यात वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो जगभर फिरू लागले. मग शोधाशोध. जर्मनीचे इगोर वालोसेक म्हणाले, सोबत दिलेल्या ॲडॉप्टरमधलं सोल्डरिंग कच्चं आहे. अमेरिकेतल्या गेमर्स नेक्ससच्या स्टीव्ह बर्कनं कनेक्टर मुद्दाम अर्धवट आणि तिरपं बसवून जाळून दाखवलं. नोव्हेंबरात खुद्द एनव्हिडियानं सांगितलं की जगभरात सुमारे ५० प्रकरणं आहेत आणि त्यांत सामाईक दिसणारी गोष्ट म्हणजे कनेक्टर पूर्ण आत गेलेलं नाही. तोवर कॅलिफोर्नियात ग्राहकांच्या वतीनं दावाही दाखल झाला होता.

चिरंजीव ही कथा जेवताना सांगत होते. "दीड हजार डॉलरच्या पुढचं कार्ड, आणि कनेक्टर वितळलं," एवढं म्हणून त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तेवढ्यात माझी आई म्हणाली, "नीट बसवलं नसेल."

प्रयोगशाळा, एक्स-रे, दोन खंडांतले तज्ज्ञ यांना ज्या निष्कर्षाला यायला आठवडे लागले, तिथे आई आमटीभातावरून न उठता पोचली होती. आईचा हा निवाडा नवा नाही. शर्टाचं बटण तुटलं, दूध नासलं, माझं प्रमोशन हुकलं, प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी नीट केलेलं नसायचंच. या हुशारीच्या बाईला कोणत्याही कंपनीच्या ग्राहकसेवेत उच्च पद मिळालं असतं.

मग वायर बसवण्याचा दिवस उजाडला. कनेक्टर पूर्ण आत गेलं की बारीकसा 'टक' असा आवाज होतो म्हणे. तो ऐकण्यासाठी पंखा बंद, टीव्ही बंद, हिचा कुकर बंद, सगळे श्वास रोखून. चिरंजीवांनी अंगठ्यानं दाबलं. नेमकं त्याच क्षणी खालून भंगारवाला ओरडला.

"झाला का?"

"झाला वाटतं," मी म्हणालो.

"भंगार म्हणाला तो," आई म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, काढून पुन्हा बसवायचं. इथेच मेख आहे. हे कनेक्टर तीस वेळा काढ-घाल करण्यापुरतंच धरलेलं आहे. म्हणजे नीट बसलंय का हे पाहायला काढलं की त्याचं आयुष्य एकानं घटतं, आणि पुन्हा घातल्यावर नीट बसलंय का हा प्रश्न जिथल्या तिथे. आईनं ताबडतोब भिंतीवरच्या कालनिर्णयवर हिशेब सुरू केला. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी आता कनेक्टरच्या रेघा असतात. चिरंजीवांचा हात कॉम्प्युटरच्या दिशेनं नुसता गेला तरी आतल्या खोलीतून आवाज येतो, "मोजतेय हं मी!"

दुसरा उपद्रव वाकण्याचा. कनेक्टरमधून निघालेली वायर लगेच वळवू नये, पस्तीस मिलिमीटर तरी सरळ जाऊ द्यावी, असा जाणकारांचा सल्ला. आमच्या कॅबिनेटची काच त्या पस्तीस मिलिमीटरांच्या आड आली. दार लागेना. उघडं ठेवावं तर पाल शिरेल. तिरप्या कोनात वायर नेणारे ॲडॉप्टर मिळतात असं मी ऐकलं होतं, ते सुचवून पाहिलं. चिरंजीवांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प झालो. केबलमॉड नावाच्या कंपनीनं नेमकी हीच सोय काढली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत त्यांतले सुमारे २५,३०० ॲडॉप्टर परत मागवावे लागले. सैल पडल्याच्या, तापल्याच्या, वितळल्याच्या २७२ तक्रारी आल्या होत्या. वायर वाकून कनेक्टर जळू नये म्हणून लोकांनी जे घेतलं होतं तेच जळत होतं.

तेव्हा नवं, रुंद कॅबिनेट आलं. ते टेबलाखाली मावेना, म्हणून नवं टेबल आलं. टेबलामुळे खोलीचं दार पूर्ण उघडेना, म्हणून आता आम्ही दोघं त्या खोलीत आडवे होऊन शिरतो. मी शिरताना पोट आत घेतो, ही शिरताना माझ्याकडे बघते. टेबलात गेले ते पैसे यूपीएससाठी ठेवलेले होते, त्यामुळे यूपीएस दिवाळीनंतर.

यावर कुणी म्हणेल की कंपन्यांनी काही केलंच नाही का? केलं की. २०२३ मध्ये कनेक्टर सुधारलं. निरोपाच्या पिना दीड मिलिमीटर आखूड केल्या आणि विजेच्या पाव मिलिमीटर लांब. कनेक्टर अर्धवट बसलं तर निरोप पोचत नाही आणि कार्ड चालायलाच नकार देतं. नाव बदलून १२व्ही-२x६ केलं. आमच्या ५०९० ला हेच सुधारलेलं आहे. चिरंजीव थोडे निश्चिंत होत होते. पण हे कार्ड बाजारात येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पुन्हा वितळलेले फोटो.

या वेळी डेरबाउअर या नावानं प्रसिद्ध असलेल्या रोमान हार्टुंग या जर्मन गृहस्थानं आपल्याच ५०९० च्या एकेका वायरीतला प्रवाह मोजला. बेरीज बरोबर होती. वाटणीत घोळ होता. एका वायरीतून वीस अँपिअरच्या वर, तर दुसऱ्या एकीतून दोनच्या आसपास. पॉवर सप्लायच्या बाजूचं टोक दीडशे अंशांपर्यंत तापलेलं. चिरंजीवांनी हे मला चार वेळा समजावलं, पाचव्यांदा मीच आईला समजावलं: पालखीला सहा भोई लावावेत, त्यांतल्या दोघांच्या खांद्यावर सगळा भार यावा, आणि बाकीच्यांनी दांडीला नुसता हात लावून 'चला, चला' म्हणावं, तसं हे. एका भोयाला झेपतो साडेनऊ अँपिअरच्या आसपासचा भार. पूर्ण ६०० वॅटला प्रत्येकाच्या वाट्याला सव्वाआठ-साडेआठ येतो, तोही सगळे इमानदारीनं चालले तर.

"मग मुकादम कुठे असतो?" आईनं विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. मुकादम होता, पण जुन्या कार्डावर. २०२२ च्या सुरुवातीच्या ३०९० टीआयमध्ये या सहा वायरींच्या तीन जोड्या करून प्रत्येक जोडीवर वेगळी नजर ठेवायची सोय होती. पुढच्या कार्डांत सहाही वायरी आत गेल्या गेल्या एकत्र जोडून टाकल्या. कोण किती ओढतंय हे आत कुणालाच कळत नाही. काही महागड्या मॉडेलांवर आता प्रत्येक पिनेचा प्रवाह दाखवायची सोय दिलेली आहे. म्हणजे कोण आळशीपणा करतंय ते दिसतं, त्याला कामाला मात्र लावता येत नाही. हे वाचून मला माझ्या ऑफिसातली शेवटची दहा वर्षं डोळ्यांसमोर आली, पण तो विषय वेगळा.

आमच्या वरच्या मजल्यावर वीज खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता राहतात. सोसायटी त्यांना 'साहेब' म्हणते आणि लिफ्ट बंद पडली की त्यांच्याकडून लिफ्टचा इतिहास ऐकते. आमच्याकडची भानगड त्यांच्या कानावर गेली आणि ते चपला न घालता खाली आले.

"व्होल्टेज किती?"

"बारा," चिरंजीव म्हणाले.

"आणि वॅट सहाशे? म्हणजे पन्नास अँपिअर! या वायरीतून?" साहेबांनी खुर्ची ओढून घेतली. "अहो, तुमचा बाथरूममधला दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपिअरच्या आत घेतो. का? कारण तिथे व्होल्टेज २३० आहे. इथे बाराच, म्हणून अँपिअर वाढले. आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, दुप्पट नव्हे! सांध्यात जरा जरी ढिलेपणा असला तरी जळणार. बारा व्होल्ट ठेवायचेच कशाला? अठ्ठेचाळीस करा!"

"मोठ्या सर्व्हरमध्ये अठ्ठेचाळीस असतात, काका. घरच्या कॉम्प्युटरचं सगळं बारावरच उभं आहे."

"मग बदला."

"मी?"

"कुणीतरी सुरुवात करायला हवी," असं म्हणून साहेबांनी चहा घेतला, आमच्या मीटर-बॉक्सवर कडक शेरा मारला आणि वर गेले. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तीन जणांनी मला पन्नास अँपिअरबद्दल विचारलं. एकानं घराचा विमा आहे का, तेही विचारलं. त्याचा फ्लॅट आमच्या शेजारचा आहे.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की चिरंजीवांनी कार्डाची मर्यादा कमी केली. ५७५ वॅटचं कार्ड आता ४५० च्या आत चालतं.

"मग ४५० वालंच घ्यायचं होतंस ना," ही म्हणाली. "स्वस्त पडलं असतं."

"आई, तेच तर पहिल्यांदा जळलेलं."

"म्हणजे दोन लाख देऊन आपण ते हळू चालवायचं?"

"कामगिरीत फारसा फरक पडत नाही, आई. थोडासाच."

"मग कंपनी पूर्ण का चालवते?"

यावर चिरंजीवांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी मला टॉर्च आणायला सांगितलं.

ते ऑफिसला गेले की पहारा आमच्याकडे. कारण कॉम्प्युटर तेव्हाही चालूच असतो. रेंडर नावाचं काहीतरी रात्रंदिवस शिजत असतं आणि ते मध्येच थांबलं तर पहिल्यापासून. वाटणी अशी की रेघा आईकडे, पिवळं माझ्याकडे, आणि वास घ्यायचा हिनं. हिचं नाक तीक्ष्ण आहे. मी सिगारेट सोडल्याचं जाहीर केल्यानंतरची दोन वर्षं तिनं त्या नाकावरच काढली.

परवा सकाळी अकराच्या सुमाराला ही पॅसेजमध्ये थबकली. "जळल्याचा वास येतोय."

आई जपमाळ टाकून उठली. मी टॉर्च घेऊन आडवा होऊन खोलीत शिरलो. पिवळं दिसत नव्हतं. पण पिवळं मला कधीच दिसलेलं नव्हतं. चिरंजीवांना व्हिडिओ कॉल लावला.

"बंद करू का रे?"

"अजिबात नको! चौदा तास झालेत रेंडरला, दोनच राहिलेत! बाबा, वास कुठून येतोय ते आधी बघा!"

"घरातून."

आम्ही हे बोलत असतानाच आईनं कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला होता. हा मुलगा आमच्याकडे वर्षानुवर्षं येतो, पंखे-बेल त्याच्याच हातचे. तो आला, त्यानं काचेच्या पोटातले रंगीत दिवे बघितले आणि आदरानं पायरीवर चपला काढल्या.

"यात पन्नास अँपिअर आहेत," आईनं त्याला बजावलं. "सहा भोई आहेत, पण दोघंच काम करतात. कोण ते मोज."

त्यानं पिशवीतून चिमट्यासारखा मीटर काढला, काच उघडली, आणि बाहेरच्या बाहेर, कशालाही धक्का न लावता एका वायरीभोवती चिमटा धरला. आकडा आला शून्य. दुसरी वायर, शून्य. तिसरी, शून्य. त्यानं मीटर हातावर आपटला, स्वतःच्या कपाळाला लावून पाहिला, पुन्हा धरला. शून्य.

"करंटच नाही, आजी. हे बंद आहे."

"बंद कसं असेल?" फोनमधून चिरंजीव किंचाळले. "तुमचा मीटर एसीचा आहे! तो डीसी मोजत नाही!"

"एसी कुठाय, दादा?" इलेक्ट्रिशियननं खोलीभर नजर फिरवली. "इथे तर पंखाच आहे."

"बघ," आई फोनकडे वळून म्हणाली. "शून्य म्हणतोय तो. त्याचं रोजचं काम आहे. उगाच जर्मनीच्या माणसावर विश्वास ठेवून घर डोक्यावर घेतलंस."

घरात एकदम हलकं वाटायला लागलं. हिनं चहा टाकला. चिरंजीव डीसी म्हणजे काय ते फोनमधून समजावत होते, पण फोन मी टेबलावर उपडा ठेवला होता. इलेक्ट्रिशियन हात धुवायला बाथरूममध्ये गेला आणि आतूनच त्यानं हाक मारली.

"साहेब, जरा इकडे या. हा गिझरचा पॉइंट बघितलाय का कुणी?"

सॉकेट काळंठिक्कर. प्लगची एक पिन अर्धी वितळून कलंडलेली. वास तिथे इतका होता की मलाही आला.

"कधीपासून असं आहे?"

"गेल्या हिवाळ्यापासून," ही माझ्याकडे न बघता म्हणाली. "ठिणग्या उडतात म्हणून मी यांना दोनदा सांगितलं होतं."

"प्लग नीट बसवलेला नाही," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

आईनं विजयी मुद्रेनं मान डोलावली. टेबलावर उपड्या पडलेल्या फोनमधून चिरंजीवांचा बारीक आवाज येत होता, "बाबा, तो आता काय काढतोय? बाबा, त्याला कशाला हात लावू देऊ नका, पाऊण तास राहिलाय फक्त!"

"नवं सॉकेट आहे माझ्याकडे, लगेच टाकतो," इलेक्ट्रिशियन पॅसेजमधल्या बोर्डाकडे जात म्हणाला. "पाच मिनिटं मेन बंद करतो हं, आजी."

"कर की," आई म्हणाली. "आमचं काही चालू नाहीये."